पाच बोटं मागं

आमच्या अण्णांना वेड लागत चाललंय, ही बातमी मला प्रथम माझ्या बायकोनं दिली. तिनं ती स्वयंपाकघरातून, माझ्याकडे पाठ करून, फोडणीच्या चुरचुरीत दिली. त्यामुळे 'अण्णांना वेड लागलंय' हे मला 'अण्णांना पेढे लागतायत' असं ऐकू आलं आणि संध्याकाळी मी स्टँडवरून पाव किलो पेढे घेऊन आलो. बापाला वेड लागल्याचं कळताच पेढे आणणारा मुलगा पाहून, वेड नक्की लागलंय कुणाला, याबद्दल घरात थोडा वेळ गोंधळ झाला. पेढे मात्र अण्णांनीच खाल्ले.

अण्णांचं वय अठ्ठ्याऐंशी. मी पुण्याला बँकेत पस्तीस वर्षं दुसऱ्यांचे पैसे मोजले आणि निवृत्त झाल्यावर पाटसला परत आलो. पाटस म्हणजे पुणे-सोलापूर रस्त्यावरचं आमचं गाव. एका बाजूला ऊस, दुसऱ्या बाजूला ट्रक, आणि मध्ये आमचं घर. या ट्रकांच्या आवाजावर मात करून बातम्या ऐकायच्या, म्हणून अण्णा टीव्ही असा लावत की रस्त्यावरचे ड्रायव्हर हॉर्न वाजवायचे थांबत. शेजाऱ्यांनी तर बातम्यांपुरता आपला टीव्ही बंदच ठेवला होता. वीज आमची, बातम्या त्यांच्या.

शेवटी गुढीपाडव्याला माझा मुलगा पुण्याहून नवा टीव्ही घेऊन आला. जुन्या टीव्हीच्या दुप्पट रुंद आणि पापडाइतका जाड. सोबत आजोबांसाठी बिनतारी हेडफोन. अण्णांच्या डोक्यावर तो चढला, घरात शांतता झाली, आणि त्या शांततेतच अण्णांचं बिघडायला सुरुवात झाली.

पहिल्या आठवड्यात ते बातम्या देणाऱ्या माणसाकडे बघून म्हणाले, "ह्यो मानूस खोटं बोलतोय."

आता याला वेड म्हणता येईना. उलट घरातला सगळ्यात शहाणा माणूस हाच, असं मला वाटलं. पुढं एका मंत्र्यांबद्दलही ते तेच म्हणाले. तेव्हाही कुणी मनावर घेतलं नाही. पण मग हवामान सांगणाऱ्या बाईंबद्दल ते म्हणाले, "ही बाई दुसरीचंच बोलतीया." आणि एका संध्याकाळी चांगलं कीर्तन चालू असताना त्यांनी हेडफोन काढून ठेवला. म्हणाले, "बुवा तोंड मिटल्यावर बोलतोय." त्यानंतर त्यांनी टीव्ही सोडला आणि भिंतीकडे बघत बसायला सुरुवात केली. कीर्तन सोडणारे अण्णा आम्ही कधी पाहिले नव्हते. बायकोनं पुण्याच्या एका मेंदूच्या डॉक्टरांची पुढच्या मंगळवारची वेळ घेऊन टाकली. या आजाराचं इंग्रजी नाव तिला शेजारणीनं लिहून दिलं होतं. ते वाचून मला रात्रभर झोप आली नाही.

दुसऱ्या दिवशी मी हेडफोन स्वतःच्या डोक्याला लावला आणि बातम्या पाहिल्या. मला काही वावगं दिसलं नाही. पण मी बातम्या बघतो म्हणजे काय करतो? खाली पळणाऱ्या पट्टीत सोन्याचा भाव बघतो. बोलणाऱ्याच्या तोंडाकडे बघायची मला बँकेत कधी सवयच लागली नाही. तिथे आम्ही सहीकडे बघायचो.

"अण्णा, नेमकं काय होतंय?" मी विचारलं.

"पाच बोटं मागं हाय," अण्णा म्हणाले.

मला हायसं वाटलं. एवढंच होय! मी टीव्ही उचलला आणि पाच बोटं मागं, भिंतीला टेकवून ठेवला. अण्णांनी कपाळावर हात मारला. चाळीस वर्षांपूर्वी माझा बीजगणिताचा पेपर बघून मारला होता, अगदी तसाच.

इथे मला अण्णांचा पूर्वेतिहास सांगायला हवा. लग्नाआधी आणि लग्नानंतरही काही वर्षं अण्णा टुरिंग टॉकीजमध्ये मशीन चालवायचे. ज्यांनी तंबूतला सिनेमा पाहिला नाही त्यांना काय सांगायचं? जत्रा आली की ट्रकमधून तंबू यायचा, जनरेटर यायचा, दोन पेट्यांत फिल्मची रिळं यायची आणि या सगळ्यांवर बसून अण्णा यायचे. १९५९ साली आलेला 'सांगत्ये ऐका' त्यांनी किती गावांत दाखवला याचा हिशेब नाही. त्यांना तो सबंध पाठ आहे. पाहिला मात्र कधीच नाही, असं ते म्हणतात. त्यांचं लक्ष सिनेमाकडे नसे. ते असे घुंगरांकडे. लावणीत पाऊल पडलं आणि घुंगरू वाजलं यांत अंतर पडलं, तर प्रेक्षक आधी शिट्ट्या मारत, मग तंबूचे खुंटे उपटायला घेत.

त्या दिवशी अण्णांनी मला खाटेवर बसवून, आईच्या जुन्या लुगड्याचा काठ हातात घेऊन मशीन समजावलं. फिल्म एका सेकंदाला चोवीस चित्रं दाखवते. प्रत्येक चित्र दिव्यासमोर क्षणभर थांबतं, मग पुढचं येतं. म्हणजे फिल्म तिथे धक्के खात चालते, आमच्या गावच्या एसटीसारखी. पण आवाज असा धक्के खात वाचला तर गाण्याला उचकी लागेल. त्याला संथ चाल पाहिजे. म्हणून आवाज वाचणारा दिवा चित्राच्या खिडकीपासून खाली, दूर ठेवलेला असतो, आणि मध्ये फिल्मचा एक सैल झोळ सोडलेला असतो. त्याला म्हणायचं लूप. त्या दिव्यापर्यंतचं अंतर वीस चित्रांचं, म्हणजे सव्वा फूट. त्यामुळे फिल्मवर आवाज छापतानाच तो आपल्या चित्राच्या तेवढा पुढं छापतात. जे तोंड आत्ता पडद्यावर उघडतंय, त्याचा शब्द सव्वा फूट पुढं निघून गेलेला असतो आणि त्याच क्षणी खालच्या दिव्यापाशी पोचतो.

"आनि लूप मोठा झाला तर?" अण्णांनी मला विचारलं. ते आता मास्तर झाले होते.

"आवाज उशिरा."

"ल्हान झाला तर?"

"आधी."

"मग येवढी अक्कल हाय तर टीव्ही कशाला सरकवला?"

फिल्मवरचं एक चित्र १९ मिलिमीटर उंच असतं. मी पट्टीनं अण्णांचं मधलं बोट मोजलं. रुंदी जवळजवळ तेवढीच भरली. एक बोट म्हणजे एक चित्र, म्हणजे सेकंदाचा चोविसावा भाग. पाच बोटं मागं म्हणजे आवाज पाच चित्रांइतका उशिरा. ज्या माणसाला आम्ही मंगळवारी मेंदू तपासायला नेणार होतो, तो मला नुसत्या डोळ्यांनी सेकंदाचा पाचवा भाग मोजून दाखवत होता, आणि मी टीव्ही भिंतीला लावत होतो.

अर्थात मी बँकेतला माणूस. दुसरी सही असल्याशिवाय विश्वास ठेवायचा नाही. मी केबलवाल्याला बोलावलं. तो पोरगा मोटारसायकलवरून न उतरताच म्हणाला, "काका, सॅटेलाइट छत्तीस हजार किलोमीटर वर आहे. वेळ लागणारच की!"

मी मनातल्या मनात आकडेमोड केली. वर छत्तीस, खाली छत्तीस, प्रकाशाचा वेग सेकंदाला तीन लाख; पाव सेकंद होतो. म्हणजे सहा बोटं! हिशेब जवळपास जुळत होता आणि मी पोराला चहा विचारायच्या बेतात होतो. तेवढ्यात अण्णा म्हणाले, "अरं, मग चित्र काय येगळ्या रस्त्यानं येतंय व्हय?"

पोरानं मोटारसायकल चालू केली.

अण्णांचं म्हणणं खरं होतं. चित्र आणि आवाज एकाच उपग्रहावरून, एकाच लहरीवर बसून येतात. उशीर होतो, पण दोघांना सारखाच. एकाच एसटीतून आलेले नवरा-बायको घरी वेगवेगळ्या वेळी पोचले, तर दोष एसटीला देता येत नाही. स्टँडवर उतरल्यावर कोण कुठे रेंगाळलं ते बघावं लागतं. पूर्वीच्या दूरदर्शनच्या काळात, म्हणजे मुंबई केंद्र १९७२ साली २ ऑक्टोबरला सुरू झालं तेव्हापासून पुढची कैक वर्षं, ही जोडी अँटेनातून आत शिरली की थेट पडद्यावर आणि कर्ण्यात जायची. मध्ये थांबायला जागाच नव्हती. आता दोघांची आधी घडी घालतात, वेगवेगळ्या गाठोड्यांत बांधतात आणि घरातल्या डब्यात सोडतात. घड्या मोडायला चित्राला जास्त वेळ लागतो, आवाजाला कमी. म्हणून प्रत्येक गाठोड्यावर वेळेची चिठ्ठी लावलेली असते. त्या चिठ्ठीचं घड्याळ सेकंदाचे ९०,००० भाग करतं. चिठ्ठी वाचून डबा दोघांना एकदम बाहेर सोडतो. एवढा बंदोबस्त असूनही आमच्या दिवाणखान्यात पाच बोटांची चोरी होत होती. ती शेवटच्या चार हातांत, टीव्हीपासून अण्णांच्या कानापर्यंत, हेडफोनच्या बिनतारी रस्त्यावर होत होती.

हे मला मुलानं फोनवर सांगितलं. बिनतारी हेडफोन आवाज पुन्हा एकदा गाठोड्यांत बांधतो, हवेतून पाठवतो आणि पलीकडे काही गाठोडी साचल्याशिवाय पहिलं उघडत नाही. वाटेत एखादं हरवलं तर बोलण्यात खंड पडू नये म्हणून. दूध डेअरीवर कॅन भरल्याशिवाय टेम्पो हलत नाही, तसंच.

"पण बाबा, आधी मोजा," मुलगा म्हणाला. "मोबाईलवर टीव्हीचं शूटिंग घ्या आणि एकेक चित्र पुढे सरकवून बघा. जिथं काहीतरी आपटतं आणि आवाज येतो, अशी जागा शोधा."

सिनेमावाले यासाठी पाटी आपटतात. आम्हाला पाटी आपटायची गरज नव्हती; कीर्तनात दर मात्रेला टाळ आपटतो. टाळासारखं सोयीचं यंत्र या कामाला दुसरं नसेल. दोन वाट्या भिडलेल्या डोळ्यांना दिसतात आणि त्याच क्षणी कानांनाही कळतं. वारकऱ्यांनी हे काही टीव्हीसाठी शोधलं नाही, पण टीव्हीवाल्यांची सोय झाली.

आधी मोबाईल खोटं बोलत नाही ना हे तपासलं. देवघरातले टाळ काढून बायकोला मोबाईलसमोर उभं केलं आणि वाजवायला सांगितलं. तिनं ते माझ्याकडे बघत ज्या जोरानं वाजवले, त्यात पेढ्यांचा राग होता. वाट्या भिडल्या त्याच चित्रावर आवाज आला. मोबाईल प्रामाणिक निघाला. मग तिच्या केसांच्या रबरानं हेडफोनचा एक कान मोबाईलला बांधला आणि रात्रीच्या कीर्तनातल्या टाळकऱ्याचं चित्रण केलं. चष्मा लावून एकेक चित्र सरकवत गेलो. वाट्या भिडल्या. एक, दोन, तीन, चार, पाच, आणि सहाव्या चित्रावर 'छन्'. माझा मोबाईल सेकंदाला तीस चित्रं घेतो. सहा चित्रं म्हणजे २०० मिलिसेकंद. अण्णांची पाच बोटं म्हणजे २०८. आठ मिलिसेकंदांचा फरक मी माझ्या मोबाईलच्या नावे खर्ची टाकला.

मोजण्याचं काम झालं. दुरुस्तीत मात्र माझी पुन्हा फजिती झाली. टीव्हीच्या यादीत खूप खोल गेल्यावर आवाजाच्या उशिराचा एक आकडा सापडला. तो शून्यावर होता. उशीर २०० चा, म्हणून मी तो २०० वर नेला आणि अण्णांकडे अपेक्षेनं पाहिलं.

"धा बोटं," अण्णा म्हणाले.

मग डोक्यात प्रकाश पडला. आवाज आधीच उशिरा येतोय, त्याला आणखी थांबवून काय उपयोग? उशिरा आलेल्याला लवकर आणता येत नाही. लवकर आलेल्याला थांबवता येतं. म्हणजे इथे चित्राला थांबवायला पाहिजे, आणि आमच्या टीव्हीत तशी सोय नव्हती. अण्णा तंबूत लूपमधून पाच बोटं फिल्म ओढून घेत आणि मोकळे होत. या पापडात हात घालायला जागाच नव्हती.

"वायर न्हाय का?" अण्णांनी विचारलं.

सगळ्या कुटुंबाला हे सुचलं नव्हतं. स्टँडजवळच्या मोबाईलच्या दुकानातून दहा फूट वायरचा साधा हेडफोन आणला आणि टीव्हीच्या पाठीमागच्या भोकात खुपसला. अण्णांनी डोक्याला लावला, अर्धा मिनिट बघितलं आणि मान हलवली.

"आता पुढं पळतंय. दोन बोटं."

बिनतारी हेडफोनचा उशीर गेला तेव्हा त्याच्या आड लपलेला दुसरा घोटाळा उघडा पडला होता. नवा टीव्ही चित्र आलं तसं दाखवत नाही. आधी त्याचे रंग उजळतो, कडा कोरतो, मधली चित्रं मनानं रचून हालचाल गुळगुळीत करतो. चित्राला नटायला वेळ लागतो आणि आवाज वायरीतून सरळ घरातल्या कपड्यांनिशी निघून येतो.

आणि आवाजानं पुढं पळणं हे मागं राहण्यापेक्षा वाईट. याचं कारण पाटसच्या कुणालाही समजेल. कालव्याच्या पलीकडच्या काठावर बाई धुणं आपटत असेल, तर कपडा दगडावर पडलेला आधी दिसतो आणि 'धप्' मागून येतं. कोळशाची इंजिनं होती तेव्हा स्टेशनातल्या शिट्टीची पांढरी वाफ आधी दिसायची, शिट्टी मागाहून. देवानं आवाजाला हळूच चालवलंय. सेकंदाला सुमारे ३४० मीटर. मागून येणाऱ्या आवाजाला आपण जन्मापासून सरावलेले असतो. पण दगडावर कपडा पडायच्या आधी 'धप्' झालेलं आजवर कुणी ऐकलेलं नाही.

"किती चालतं अण्णा?" मी विचारलं. "म्हणजे लोकांच्या लक्षात कधी येतं?"

"पुढं एक बोट. मागं तीन. त्याच्यावर गेलं की आरडाओरडा."

नंतर मी सहज शोधलं. जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघानं १९९८ साली याच विषयावर शिफारस काढली आहे. शास्त्रशुद्ध चाचण्या घेऊन त्यांनी ठरवलं की आवाज ४५ मिलिसेकंद पुढं गेला किंवा १२५ मिलिसेकंद मागं पडला की माणसाच्या लक्षात येतं. मी भागाकार केला. पुढं एक बोट, मागं बरोबर तीन. अण्णांना मी हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "तंबूत कोन आलं हुतं त्येंच्यातलं?"

तंबूतली त्यांची युक्तीही त्यांनी सांगितली. एका बोटाच्या वेळात आवाज सत्तेचाळीस फूट जातो. मग नव्वद फूट तंबूत सगळ्यांचं कसं जमायचं? अण्णा लूप एक बोट आखडता ठेवत. मधल्या बाकांवरचं अगदी बरोबर. पुढच्यांना एक बोट पुढं, मागच्यांना एक बोट मागं. कुणालाच कळत नसे. "मालक मधी बसायचा," असंही त्यांनी सांगितलं.

आता त्या आकड्याचा उपयोग झाला. मी आवाजाला दहा-दहा मिलिसेकंदांनी थांबवत गेलो. तीस, चाळीस, पन्नास. अण्णांची नजर पडद्यावर, उजव्या हाताची दोन बोटं चिमटीत, जशी काही त्यांच्यात फिल्म धरली आहे. "अजून. अजून अर्धं." ऐंशीवर त्यांची चिमूट सुटली.

"बसलं."

एवढंच म्हणाले. मग तासभर हलले नाहीत. कीर्तनकार बुवा रंगात आले होते. अण्णा मांडीवर ठेका धरत होते, बुवांच्या विनोदांना हसत होते. मीही त्या आनंदात उठलो, मंगळवारची वेळ रद्द करायची म्हणून फोन शोधू लागलो. परत आलो तर पायात वायर. दहा फुटांची ती वायर टीव्हीतून निघून माझ्या अंगठ्याला गुंडाळलेली होती. कधी निघाली होती कुणास ठाऊक.

अण्णा हसत होते.

मी वायर हातात धरून उभा राहिलो. पडद्यावर बुवांनी हात वर केले, काहीतरी बोलले, आणि अण्णा पुन्हा वेळेवर, अगदी बसलेल्या वेळेवर हसले. हेडफोनमध्ये काहीही नव्हतं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या हातातल्या वायरीकडे. चोरी पकडल्यासारखा त्यांचा चेहरा झाला.

"कधीपासून, अण्णा?"

"मशीनपशी पंधरा वरसं काढली. शेजारी जनरेटर. कान कुनाचं ऱ्हात्यात?" ते म्हणाले. "थोडं ऐकू येतं. बाकीचं तोंडावरनं."

थोडं कानानं, थोडं ओठांवरून. दोन्ही मिळून त्यांचा एक शब्द व्हायचा. तसं आपण सगळेच हे थोडंफार करतो. १९७६ साली हॅरी मॅगर्क आणि जॉन मॅकडॉनल्ड या दोघांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. कानावर 'बाबा' घातलं आणि पडद्यावर ओठ 'गागा' म्हणणारे दाखवले, तर पुष्कळांना ऐकू येतं 'दादा'. म्हणजे डोळा मध्ये पडला की बापाचा थोरला भाऊ होतो. चांगल्या कानांच्या माणसांची ही गत. अण्णांची तर अर्धी भिस्त ओठांवर. त्यांच्या ओठांत आणि कानांत आम्ही पाच बोटांची पाचर ठोकली होती, तीही पाडव्याच्या मुहूर्तावर, हप्त्यानं. बातम्या देणारा खोटा, बाई दुसरीचं बोलणारी, बुवा तोंड मिटल्यावर बोलणारे; अण्णांनी जे जे दिसलं ते ते आम्हाला नीट सांगितलं होतं.

त्या रात्री बऱ्याच जुन्या गोष्टींची बोटं जुळायला लागली. २०२० साली कोरोनात आम्ही सगळे घरातसुद्धा तोंडाला मास्क बांधून हिंडत होतो, अण्णांना काही होऊ नये म्हणून. त्या वर्षी अण्णा बोलायचेच बंद झाले होते. भेदरलेत, असं आम्ही एकमेकांना सांगितलं, मास्कच्या आतून. आणि आई. आई अण्णांशी बोलायची ती नेहमी हातातलं काम टाकून, त्यांच्या पुढ्यात येऊन, पदर खोचून, त्यांच्या तोंडासमोर तोंड नेऊन. आम्हा भावंडांना लहानपणापासून वाटायचं, हे दोघं सारखे भांडतात. शेजारीपाजारीही तसंच म्हणायचे. आई त्यांना फक्त सांगत असायची की भाकरी झालीय, जेवायला या. आई जाऊन नऊ वर्षं झाली. तिनं हे कुणाला सांगितलं नाही. अण्णांनी सांगू नको म्हटलं असणार.

मंगळवारची वेळ मेंदूच्या डॉक्टरांकडून काढून कानाच्या डॉक्टरांकडे घेतली. त्यांनी आलेख काढला. तो रोटी घाटाच्या उतारासारखा खाली गेलेला होता. कानात बसवायचं यंत्र दिलं. त्याला किती उशीर लागतो, असं मी विचारल्यावर डॉक्टर जरा दचकले. दहा मिलिसेकंदांच्या आत, म्हणाले. मी वळून, तोंड अण्णांसमोर नेऊन सांगितलं, "पाव बोट." अण्णांनी मान्यता दिली. यंत्र बहुतेक वेळ डबीतच असतं, ही गोष्ट वेगळी.

मग तुकोबांची पालखी आली. ती वरवंडहून निघते, पाटसला नागेश्वराच्या देवळापाशी विसावते आणि रोटी घाट चढून उंडवडीकडे जाते. त्या दिवशी गावात माणूस मावत नाही. अण्णांच्या पायांना आता गर्दी झेपत नाही, म्हणून मी त्यांना टीव्हीसमोर बसवलं होतं. एका वाहिनीवर पालखी थेट दाखवत होते. वायर लावलेली, आवाज ऐंशीवर बसलेला, सगळं चोख.

तेवढ्यात बाहेर रस्त्यावर टाळ वाजले. खरेखुरे. अण्णांच्या हाडांना ते आधी कळले असावेत, कारण त्यांनी हेडफोन वर उचलला. पडद्यावर अजून मोकळा रस्ता दिसत होता आणि कडेला आमच्याच कोपऱ्यावरचं चहाचं दुकान. दुकानदार कढईत झारा बुडवून उभा होता. मग पडद्यावर पताका आली, मग टाळ. मी घड्याळ बघितलं, आठ सेकंद.

अण्णांनीही हिशेब केला. सोळा चित्रांचा एक फूट.

"बारा फूट," ते म्हणाले. "येवढी फिल्लम खाल्ली कुनी?"

आणि उत्तराची वाट न बघता त्यांनी हेडफोन काढून माझ्या हातात दिला, काठी घेतली आणि बाहेर ओट्यावर जाऊन उभे राहिले. दिंडी समोरूनच चालली होती. वीणेकऱ्याच्या तोंडाकडे बघत अण्णांचे ओठ हलायला लागले. मागून माझ्या बायकोनं हाक मारली, "अहो, अण्णांना म्हणावं टोपी घाला, ऊन आहे."

मी तिला म्हटलं, "तू पुढं जाऊन सांग."

ती गेली, पदर खोचून, त्यांच्या पुढ्यात.